एका बटणाचं बिल

लॅपटॉपच्या कीबोर्डचं एक बटण बिघडलं तर दुरुस्तीला किती खर्च येतो? दोनशे रुपये येऊ शकतो, अडीच हजार येऊ शकतो आणि चाळीस हजारही येऊ शकतो. बटण तेच, बिघाड तोच. फरक पडतो तो कीबोर्ड यंत्रात कसा बसवला आहे यामुळे, आणि खरेदीच्या वेळी नेमकं तेच कुणी विचारत नाही. प्रोसेसर कुठला, रॅम किती, बॅटरी किती तास चालते, सगळं विचारून होतं. मग विक्रेता लॅपटॉप दोन बोटांत धरून उचलून दाखवतो, "बघा, किती स्लिम" म्हणतो, आणि आपण कार्ड बाहेर काढतो.

ज्यांचं पोट कीबोर्डवर चालतं त्या अनुवादक, डीटीपीवाले, अकाउंटंट, पत्रकार मंडळींना आणि मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप घेऊन देणाऱ्या पालकांना या खर्चाचा अंदाज आधीच असलेला बरा. बॅटरी आज ना उद्या जाणार हे सगळे धरून चालतात. कीबोर्ड मात्र जन्मभर टिकेल असं आपण गृहीत धरतो, आणि यंत्रातला सगळ्यात जास्त मार खाणारा भाग तोच असतो.

स्क्रू गेले, खुंट आले

पंधरा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपचा कीबोर्ड वरच्या बाजूने निघायचा. यंत्र उलटं करून मोजके स्क्रू काढायचे, परत सुलटं करून कीबोर्ड सरकवून उचलायचा, खालची रिबन सोडवायची. थिंकपॅडच्या टी-४२० किंवा एक्स-२२० मॉडेलचा कीबोर्ड तर ज्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतो तो घरी बदलत असे.

मग जाडीची शर्यत लागली. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक'ची टूम काढली आणि १३ इंची यंत्राची जाडी १८ मिलिमीटरच्या आत ठेवायला कंपन्यांना सांगितलं. जाडी कमी करायची तर कुठून करणार? स्क्रीन आधीच पातळ झाला होता. उरलं बटणांच्या खालचं अंतर आणि कीबोर्डभोवतीची चौकट. दोन्हींवर गदा आली.

आज बहुतेक स्लिम लॅपटॉपमध्ये कीबोर्ड स्क्रूने बसवलेला नसतो. मनगट टेकतो त्या पॅनलच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचे डझनावारी बारीक खुंट असतात. कीबोर्डच्या पत्र्याची भोकं त्या खुंटांवर बसवतात आणि खुंटांची टोकं वितळवून चपटी करतात. कारखान्यात हे काम झटपट होतं, यंत्र कडकही राहतं. पण कीबोर्ड काढायची वेळ आली की खालचं झाकण, बॅटरी, पंखा, मदरबोर्ड, स्पीकर असं सगळं उतरवून मग ती टोकं एकेक करून छिलावी लागतात. नवा कीबोर्ड बसवताना उरलेले खुंट सोल्डरिंग आयर्नने पुन्हा वितळवायचे किंवा गोंद लावायचा. कारागीर घाईत असेल तर मधली बटणं दाबली की सगळा कीबोर्ड आत लचकतो. काम झाल्यावर मधोमध 'जी' आणि 'एच'च्या आसपास बोटाने दाबून पाहा. तिथे हेलकावा जाणवला तर यंत्र ताब्यात घेऊ नका.

दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉपच्या सांगाड्याचे चार भाग मानतात: वरचं झाकण ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी, कीबोर्डचं पॅनल सी आणि तळ डी. "सी पॅनल पूर्ण बदलावं लागेल" हे वाक्य ऐकलंत की बिल दुप्पट-तिप्पट होणार असं समजा. कधी ते खरंच लागतं. कधी खुंट छिलत बसण्यापेक्षा सोपं पडतं म्हणूनही सांगितलं जातं.

दर काय चालतात

पुण्या-मुंबईच्या दुकानांत साधारण जे सांगितलं जातं त्या पट्ट्यातले हे आकडे आहेत. मॉडेल, रंग आणि गरज पाहून ते वरखाली होतात. गरज पाहून तर फारच.

एखाद्याच बटणाची टोपी निघाली असेल किंवा तिच्याखालची कात्रीसारखी प्लास्टिकची क्लिप तुटली असेल, तर भंगारातल्या कीबोर्डमधून ती काढून बसवतात. शंभर ते तीनशे रुपये. बरेच दुकानदार हे काम नको म्हणतात, कारण पैसे थोडे आणि डोळेफोड जास्त. निघालेली टोपी आणि क्लिप कागदाच्या पुडीत जपून नेलीत तर काम होण्याची शक्यता वाढते. प्रत्येक मॉडेलची क्लिप वेगळी असते, "कुठलीही लावा" म्हणून चालत नाही.

स्क्रूने निघणारा साधा कीबोर्ड आठशे ते दीड हजारात मिळतो आणि मजुरी तीनशे ते पाचशे पडते. बटणांखाली दिवे असतील तर आणखी पाचशे-हजार धरा. खुंटांवर बसवलेला कीबोर्ड असेल तर भाग हजार ते अडीच हजारांचा, मजुरी आठशे ते दीड हजार. म्हणजे दोन ते चार हजारांत सुटका. सी पॅनलसकट बदलायचं तर चार ते नऊ हजार. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हेच काम दीडपट ते अडीचपट दराने होतं आणि वर १८ टक्के जीएसटी. बदल्यात अस्सल भाग, पावती आणि नव्या भागावर काही काळाची हमी मिळते. मॅकबुक असेल तर कंपनीकडे कीबोर्ड एकटा बदलत नाहीत. बहुतेक मॉडेलांत टॉप केस, कीबोर्ड आणि चिकटवलेली बॅटरी असा सगळा संच बदलतात, आणि बिल तीस हजारांपासून पन्नासच्या पुढेही जातं. बाहेरचे कारागीर रिव्हेट उचकटून नुसता कीबोर्ड पाच ते दहा हजारांत बसवतात. काम चांगल्या हाताने झालं तर ते टिकतं. वाईट हाताने झालं तर बॅटरीला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून हे काम फक्त मॅकबुकच करणाऱ्याकडे द्या.

दुकानात भाव विचारताना भाग कुठला ते आधी विचारा. 'ओरिजिनल', 'कंपॅटिबल' आणि 'पुलआउट' असे तीन प्रकार सांगितले जातात. पुलआउट म्हणजे दुसऱ्या बंद पडलेल्या यंत्रातून काढलेला अस्सल कीबोर्ड. तो कमी वापरलेला असेल तर माझ्या मते नव्या कंपॅटिबलपेक्षा बरा, कारण बटणांचा दाब मूळ यंत्रासारखा लागतो. कंपॅटिबल कीबोर्डच्या स्पेसबारचा आवाज ऐकून आणि एंटर दोन्ही टोकांना दाबून पाहा. हलकं काम तिथे लगेच कळतं. एंटरचा आकारही बघून घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रांचा कीबोर्ड सहसा अमेरिकी धाटणीचा, आडव्या एंटरचा असतो. ब्रिटिश धाटणीचा उभा एंटर असलेला कीबोर्ड त्या चौकटीत बसत नाही.

खर्च करावा की नाही, याचा हिशोब मी असा मांडतो. आज हे यंत्र विकलं तर जेवढे पैसे येतील त्यांच्या पाव हिश्शापर्यंत दुरुस्ती होत असेल तर करावी. त्याच्या वर जात असेल आणि यंत्र बहुतेक टेबलावरच राहत असेल, तर पाचशे-सातशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड जोडावा आणि मोकळं व्हावं. लॅपटॉप दोन जाड पुस्तकांवर ठेवला की स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला येतो, मानही सुटते. यात एकच अडचण असते. बिघडलेलं बटण आपोआप दाबलं जात असेल तर ते बाहेरच्या कीबोर्डवरही धुडगूस घालत राहतं. मग आतली रिबन सोडवून घ्यावी लागते. पण कित्येक स्लिम यंत्रांत चालू-बंदचं बटणही कीबोर्डचाच भाग असतं. रिबन सोडली की यंत्र सुरूच होत नाही. कारागिराला हे आधी विचारा.

पैसे देण्याआधी

दुकानात 'चेकिंग चार्ज' म्हणून दोनशे ते पाचशे रुपये घेतात. त्याआधी घरी पाच मिनिटं द्या, कारण काही बिघाड हे बिघाड नसतातच.

विंडोजमध्ये उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की 'फिल्टर कीज' नावाची सोय सुरू करायची का, असं विचारलं जातं. कोपर टेकून किंवा पोराने दाबून ती सुरू झाली की बटणं झटकन दाबल्यास उमटत नाहीत आणि आपल्याला वाटतं कीबोर्ड गेला. सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करा. छोट्या लॅपटॉपवर नम लॉक लागलं तर 'यू', 'आय', 'ओ' दाबल्यावर ४, ५, ६ उमटू शकतात. तोही बिघाड नाही.

मग एखादा बाहेरचा कीबोर्ड जोडून पाहा. त्यावरही तीच अक्षरं अडत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा. तो नीट चालला तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जा (कंपनीनुसार एफ-२, एफ-१० किंवा डिलीट) आणि आतल्या कीबोर्डची बाणांची बटणं चालतात का बघा. तिथे विंडोज अजून आलेलं नसतं. तिथेही बटणं मेलेली असतील तर दोष भागाचा.

एकच बटण अडतंय की चार-पाच एकदम गेली, हेही नोंदवून ठेवा. कीबोर्डच्या पोटात प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर विजेच्या रेघा छापलेल्या असतात, आडव्या आणि उभ्या. प्रत्येक बटण म्हणजे अशा दोन रेघांची गाठ. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात, आणि ती शेजारशेजारची असतीलच असं नाही. एकच बटण अडलं तर बहुधा कचरा किंवा तुटलेली क्लिप, साफसफाईवर भागेल. अनेक बटणं एकदम गेली तर रेघ किंवा रिबन. रिबन नुसती सैल झाली असेल तर तीनशे रुपयांत काम व्हायला हवं. "कीबोर्ड गेला" म्हणणाऱ्याला रिबन काढून पुन्हा बसवून पाहिली का, हे जरूर विचारा.

आणि कीबोर्ड किंवा त्याखालचा टचपॅड मधून फुगून वर आला असेल, बटणं दाबायला कडक लागत असतील, तर कीबोर्डचा विचारच सोडा. खालची बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र वापरणं थांबवा आणि आधी बॅटरी बदलून घ्या.

मराठीत टाइप करणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं असतं. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'ई'च्या बटणावर काना आहे, 'डी'वर पाय मोडण्याची खूण आणि 'एफ'वर पहिली वेलांटी. काना जितक्यांदा लागतो तितक्यांदा मराठीत दुसरं क्वचितच काही लागत असेल. त्यामुळे इनस्क्रिप्टवाल्याचं 'ई' आणि रोमन पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याचं 'ए' हीच बटणं आधी गुळगुळीत होतात आणि आधी कुरकुरायला लागतात. जुना लॅपटॉप घेताना ही दोन बटणं सगळ्यात आधी तपासा.

फुलपाखराची पाच वर्षं

पातळपणाच्या हट्टापायी ग्राहकाला काय सोसावं लागतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण अ‍ॅपलचं आहे. ते जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती यंत्रं आजही आपल्याकडच्या सेकंड-हँड बाजारात फिरताहेत.

२०१५ मध्ये अ‍ॅपलने १२ इंची मॅकबुक आणला. वजन ९२० ग्रॅम, जाडी १३.१ मिलिमीटर. त्यासाठी बटणांखालची नेहमीची कात्री काढून फुलपाखराच्या पंखांसारखी नवी यंत्रणा बसवली, आधीच्यापेक्षा चाळीस टक्के पातळ. बटण खाली जायचं ते जेमतेम अर्धा मिलिमीटर. २०१६ च्या अखेरीस हाच कीबोर्ड मॅकबुक प्रोमध्ये आला आणि तक्रारींची रांग लागली. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत धुळीचा एक कण गेला की बटण अडकायचं. कधी अक्षर उमटायचंच नाही, कधी दोनदा उमटायचं. साफ करायला टोपी काढावी तर ती मोडायची. हमीच्या बाहेर गेलेल्या यंत्राचं टॉप केस बदलण्याचं बिल अमेरिकेत सातशे डॉलरच्या घरात जाई. ऑक्टोबर २०१७ मध्ये केसी जॉन्स्टन या पत्रकार बाईंनी त्यावर लिहिलेला लेख खूप गाजला.

अ‍ॅपलने जून २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली: यंत्र पहिल्यांदा विकलं गेल्यापासून चार वर्षं. भारतातल्या ग्राहकांनाही ती लागू होती. त्याच वर्षी जुलैत बटणांखाली सिलिकॉनचा पडदा घालून तिसरी आवृत्ती आणली, पण गाऱ्हाणी थांबली नाहीत. मार्च २०१९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या जोआना स्टर्न यांनी एक लेख मुद्दाम 'ई' आणि 'आर' ही अक्षरं गाळून छापला, कारण त्यांच्या मॅकबुकवर तीच बटणं अडत होती. (इनस्क्रिप्टवर या दोन बटणांनी काना आणि दुसरी वेलांटी जाते. मराठीत तो लेख कुणाला वाचताही आला नसता.) कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, मे २०१९ मध्ये आतलं साहित्य बदललं, आणि शेवटी नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये जुनी कात्री परत आणली. मे २०२० पर्यंत एअर आणि १३ इंची प्रोमधूनही फुलपाखरू गेलं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो जाडीचा आकडा. आधीचं १५ इंची यंत्र १५.५ मिलिमीटर जाड होतं. कात्री परत आलेलं १६ इंची यंत्र १६.२ मिलिमीटर. यंत्र ०.७ मिलिमीटरने जाड झालं, वजनही वाढलं, आणि ग्राहकांनी त्याचं स्वागतच केलं. पातळ यंत्र लोकांनाच हवं होतं, हा कंपन्यांचा लाडका युक्तिवाद इथे उघडा पडला.

अमेरिकेत २०१८ मध्ये ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०२२ मध्ये अ‍ॅपलने चूक मान्य न करता ५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क यांच्यासह सात राज्यांतल्या खरेदीदारांना भरपाई मिळाली. टॉप केस दोनदा किंवा जास्त वेळा बदलावं लागलेल्यांना जास्तीत जास्त ३९५ डॉलर. त्यांत एडिसन आणि सनीव्हेलची मराठी घरंही असणार. पुण्या-नाशिकच्या ग्राहकाला त्यातलं काही मिळालं नाही.

वापरलेला मॅकबुक घेताना

या यंत्रांचा चार वर्षांचा मोफत दुरुस्तीचा काळ आता संपला आहे. शेवटचे फुलपाखरू मॅकबुक २०२० च्या वसंतात विक्रीतून गेले. तेव्हा २०१५ ते २०१७ चा १२ इंची मॅकबुक, २०१८ आणि २०१९ चा एअर, २०१६ ते २०१९ चा १३ आणि १५ इंची प्रो यांपैकी काहीही स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. अमेरिकेतल्या भावाने फुकट दिला तर घ्या. दुरुस्तीवर मात्र पैसे घालू नका, बाहेरचा कीबोर्ड लावा.

तारखांत घोळ होतो म्हणून सांगतो: २०१७ चा १३ इंची एअर जुन्या कात्रीचा आहे, तो या यादीत नाही. २०१९ च्या प्रोमध्ये १५ इंची फुलपाखरू, १६ इंची कात्री. जाहिरातीत नुसतं 'प्रो २०१९' लिहिलं असेल तर इंच विचारा.

नवा घेताना

कीबोर्ड एकटा निघतो का, हे दुकानदाराला विचारून उपयोग नाही. त्याला ठाऊक नसतं. एचपी, डेल आणि लेनोवो आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर मोफत ठेवतात. मॉडेलचं नाव आणि 'सर्व्हिस मॅन्युअल' असं शोधा आणि सुट्या भागांची यादी उघडा. तिथे कीबोर्ड स्वतंत्र भाग म्हणून असेल तर उत्तम. 'टॉप कव्हर विथ कीबोर्ड' किंवा 'पामरेस्ट अँड कीबोर्ड असेंब्ली' अशीच नोंद असेल तर पुढचं बिल तुम्हाला आज कळलं. मग जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या भागाची किंमत विचारा. सांगायला कां-कूं केली तर तेही उत्तरच समजा.

दुसरा मार्ग फ्रान्समधून जातो. जानेवारी २०२१ पासून तिथे लॅपटॉप विकताना दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण लावणं बंधनकारक झालं. उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत किती, यावर ते ठरतात. तेच मॉडेल फ्रान्समध्ये विकलं जात असेल तर हे गुण शोधून बघा. आपल्याकडेही केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रं तिथे एकत्र सापडावीत हा हेतू. चांगलं पाऊल आहे. पण लॅपटॉपच्या खोक्यावर असे गुण छापलेले आपल्याला अजून दिसत नाहीत.

पातळ यंत्र म्हणजे वाईट यंत्र असं मी म्हणत नाही. लेनोवोच्या थिंकपॅड टी-१४ च्या २०२४ च्या आवृत्तीला यंत्रं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सइटने दहापैकी नऊ गुण दिले. म्हणजे मनात आणलं तर आजही जमतं. जमवायचं नसतं.

आणि दुकानात उभं राहून पाच मिनिटं टाइप करा. एक परिच्छेद मराठी, एक इंग्रजी. बटण १.३ ते १.५ मिलिमीटर खाली जाणारं असेल तर बोटं दुखत नाहीत. बसून काम करणाऱ्याने एक मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. यंत्राच्या मध्यभागी बोटाने दाबा. पॅनल खचत असेल तर स्क्रीनवर बटणांचे डाग पडू शकतात. विद्यार्थ्यासाठी घेत असाल तर कीबोर्डवर पाणी सांडल्यास वाट काढणारी नाली आहे का विचारा. व्यावसायिक वापराच्या काही मालिकांत ती असते.

चहा, मुंग्या आणि विमा

कीबोर्डचा आपल्याकडचा खरा शत्रू दुधाचा चहा. पाणी सुकतं; साखर आणि दूध चिकटून राहतात आणि त्या छापलेल्या रेघा खातात. सांडल्याबरोबर चालू-बंदचं बटण दाबून धरून यंत्र बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडं ठेवून तंबूसारखं पालथं टाका आणि त्याच दिवशी दुकानात न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, गरम हेअर ड्रायरने प्लास्टिक वितळतं. आणि "चालतोय का बघू" म्हणून सुरू तर अजिबात करू नका. सगळ्यात जास्त मदरबोर्ड जळतात ते इथे. वेळेवर नेलंत तर साफसफाईला आठशे ते दोन हजार लागतात. मदरबोर्ड गेला तर दहा हजारांच्या पुढची बोलणी.

कोकण-गोव्यात पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये मुंग्या घर करतात. आठवड्यातून दोनदा अर्धा तास सुरू ठेवला तर आतली ओल जाते. सिलिकॉनचं आवरण दोनशे रुपयांना मिळतं. धूळ अडते, पण काही स्लिम यंत्रांत झाकण नीट मिटत नाही आणि स्क्रीनवर दाब येतो. टाइप करताना घाला, मिटताना काढा.

नेहमीच्या वर्षभराच्या हमीत सांडलेलं पाणी येत नाही. कंपन्या अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकतात. ते एका वर्षासाठी यंत्राच्या किमतीच्या तीन-चार टक्क्यांत मिळत असेल आणि यंत्र कॉलेजात किंवा घराबाहेर फिरणार असेल, तर घ्या. नुसती वाढीव हमी मात्र वेगळी चीज आहे. तिच्यात चहा येत नाही. विकणारा दोन्हींना 'इन्शुरन्स' म्हणतो. कागद वाचा.

तक्रार

हमीच्या काळात कीबोर्ड बिघडला आणि सर्व्हिस सेंटरने "कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज" असा शेरा मारला, तर उघडलेल्या यंत्राचे फोटो मागा. द्रव लागल्याचं सांगत असतील तर कुठल्या जागी, ते दाखवायला सांगा. जॉबशीटवर तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "की नॉट वर्किंग" एवढ्यावर सही करू नका. यंत्र देण्याआधी डेटाची प्रत काढून ठेवा. पैसे देऊन भाग बदलला असेल तर जुना भाग परत मागा.

दुरुस्तीवाल्याकडून पावती घ्याच. १८ टक्के वाचवायला आपण कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेतो आणि महिन्याने तेच बटण पुन्हा गेलं की हातात काही नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे.

पहिला फोन १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बरेचदा तिथेच मिटते. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला आहे म्हणून तिकडे जावं लागत नाही. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मसुदा करायला मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शन मिळतं.

स्वतःच्या पोटापाण्यासाठी यंत्र वापरणारा अनुवादक किंवा डीटीपीवाला कायद्याने ग्राहकच आहे. पण खरेदी फर्मच्या नावाने केली असेल तर ती व्यापारी वापरासाठी होती, असा मुद्दा कंपनी काढू शकते. म्हणून बिल कुणाच्या नावाने करायचं याचा विचार दुकानातच करा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, आणि सर्व्हिस सेंटरशी ईमेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही.